तोंड आलंय म्हणून तीन ट्यूब लावल्या : एका जेलचा आणि एका दवाखान्याचा रिव्ह्यू

जेलला ५ पैकी २ तारे, दवाखान्याला ५ पैकी साडेचार. अर्धा तारा कुठे कापला ते पुढे येईलच. आधी जेल.

मी पुस्तकं वाचते, म्हणजे आवाजात. ऑडिओबुक रेकॉर्ड करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आजवर मी रिव्ह्यू लिहिले ते माइकचे, हेडफोनचे, एकदा न कुरकुरणाऱ्या खुर्चीचा. तोंडात लावायच्या औषधावर लिहीन असं वाटलं नव्हतं. पण तोंड हेच माझं यंत्र, आणि ते बिघडलं होतं.

सुरुवात जिभेच्या उजव्या कडेला झाली. 'स' आणि 'श' म्हणताना कडेला काहीतरी चिकटल्यासारखं लागायचं. आरशात पाहिलं तर पांढुरका डाग. आपण अशा वेळी काय म्हणतो? तोंड आलंय. जागरण झालं असेल, बी कॉम्प्लेक्स घे. घरातल्या मोठ्यांनी निदान केलं की उष्णता झाली. सिफिलिसला (लैंगिक संबंधांतून लागणारा रोग) जुन्या मराठीत गर्मी म्हणतात हे मला तेव्हा आठवलं नाही, नाहीतर त्यांचं निदान निम्मं तरी बरोबर होतं.

तर जेल. नळीचं टोक निमुळतं आहे, त्यामुळे बोट न लावता नेमक्या जागी थेंब सोडता येतो. रंग गुलाबीसर, चव सोसण्यासारखी. त्यात लिग्नोकेन आहे, म्हणजे बधिर करणारं औषध, आणि कोलिन सॅलिसिलेट, ते दुखणं नि सूज कमी करतं. मिनिटभरात जागा बधिर होते. पुढचा अर्धा तास 'र' नीट निघत नाही, म्हणून माइकसमोर बसण्याआधी लावू नका. साध्या फोडाला हे औषध चांगलंच आहे, मी पूर्वी वापरलंय. मग दोनच तारे का? जेलचा त्यात फारसा दोष नाही हे मान्य. पण खोक्यावर 'तोंडातील सर्व प्रकारच्या जखमांवर' असं ठळक छापलंय आणि 'सात दिवसांत बरे न वाटल्यास डॉक्टरांना दाखवा' हे मुंगीच्या अक्षरात. मी तिसऱ्या ट्यूबला चष्मा लावला तेव्हा ती मुंगी दिसली.

खरं तर चष्म्याचीही गरज नव्हती. नेहमीचा फोड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा असतो : गोल, मध्ये पिवळट, भोवती लाल कडा, आणि असा झोंबतो की जीभ हलवावीशी वाटत नाही. आठवडा, फार तर दोन आठवडे, की भरून येतो. माझा डाग तसा नव्हताच. राखाडी-पांढरा, किंचित वर उचललेला, ओला टिश्यूपेपर जिभेला चिकटावा तसा, आणि त्याची कड लालसर. दुखत जवळजवळ नव्हताच. न दुखणाऱ्या जागेवर दुखणं थांबवायचं औषध मी महिनाभर लावत होते, आणि 'गुण येतोय, अजिबात दुखत नाही' असं स्वतःलाच सांगत होते.

मग खालच्या ओठाच्या आत दुसरा डाग आला. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक उंचवटा आला, मधोमध चिरलेला. तो कोरड्या हवेच्या नावावर टाकला. जिभेच्या पाठीवर एक जागा गुळगुळीत झाली, तिथली लव कुणी कापून नेल्यासारखी. आवाज बसला. संपादक म्हणाला, "आज आवाजात राख आहे, त्या प्रसंगाला छान बसतेय." त्याला छान वाटलं, मला नाही.

दातांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी दोन मिनिटं पाहिलं, दाढेची कड जिभेला घासतेय म्हणाले, कड गुळगुळीत करून दिली आणि क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश लिहून दिलं. माणूस सज्जन, हात हलका. माउथवॉशने पंधरा दिवसांत दात तपकिरी झाले (हा त्याचा नेहमीचा गुण आहे, साफ करून निघतो) आणि चव गेली. डाग तसाच. मग नेहमीच्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले बुरशी. बुरशीचं औषध लावलं. डाग तसाच. मग स्टेरॉइडची पेस्ट. लाली जरा उतरली आणि मला वाटलं जिंकलो. आठ दिवसांत डाग एकमेकांना जाऊन मिळाले.

या सगळ्या दीड महिन्यात मला काय काय विचारलं गेलं? तंबाखू खाता का. ताण आहे का. पाळी जाण्याचं वय आलंय का. झोप लागते का. मी ४६ वर्षांची, घटस्फोटित, केसांत पांढरी बट, गळ्यात चष्म्याची साखळी. माझ्याकडे पाहून कुणाच्याही मनात शरीरसंबंधांचा प्रश्न आला नाही, आणि आला असला तरी ओठांवर आला नाही. मी त्यांना दोष देत नाही असं लिहिणार होते. पण देते. प्रश्न चेहरा पाहून ठरवायचा नसतो, डाग पाहून ठरवायचा असतो.

तो डाग पाहिला त्याच दातांच्या दवाखान्यातल्या धाकट्या डॉक्टरीणबाईंनी. मी तपकिरी दातांची तक्रार घेऊन परत गेले होते. मोठे डॉक्टर रजेवर होते. फॉर्मवर सही करताना त्यांची नजर माझ्या हातावर गेली. "मॅडम, जरा तळहात दाखवता?" दोन्ही तळव्यांवर तांबूस ठिपके होते, मुगाएवढे, न खाजणारे. मी म्हटलं, साबण बदललाय. त्या म्हणाल्या, "तळपायांनाही साबण लावला होता का?" बूट काढले. तळपायांवरही तेच. मग त्यांनी पुन्हा तोंड उघडायला लावलं, दिवा जवळ आणला, आणि टाळूच्या मागच्या मऊ भागाकडे बराच वेळ पाहिलं. तिथे बारीक, वळणावळणाची राखाडी रेघ होती. गोगलगाय सरकून गेल्यावर ओल्या भिंतीवर राहते ना, तशी. डॉक्टर मंडळी या व्रणाला गोगलगायीच्याच नावाने ओळखतात हे नंतर कळलं. बाईंनी चिठ्ठी लिहिली, पाकिटात घातली आणि बंद न करता माझ्या हातात दिली. "वाचा," म्हणाल्या. "तुमच्याबद्दलच आहे." त्यांना मी पाचपैकी सहा देईन.

चिठ्ठीत लिहिलं होतं : 'सेकंडरी सिफिलिस?' प्रश्नचिन्हासकट.

आता दवाखाना. पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' असं लिहिलंय. गुप्त काय त्यात, माझा तर जिभेवर होता. पण पाटी सोडली तर बाकी सगळं मला आवडलं. नाव पुकारत नाहीत, नंबर पुकारतात. काउंटरवर 'काय होतंय?' असं चारचौघांत विचारत नाहीत, कागद देतात. खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून नाहीत, सगळ्या एकाच दिशेला. हे ज्याने कुणी ठरवलं तो स्वतः कधीतरी अशा खोलीत बसलेला असणार.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई. रक्तदाब विचारावा त्याच सुरात त्यांनी विचारलं : शेवटचा संबंध कधी आला? गेल्या सहा महिन्यांत किती जणांशी? पुरुषाशी, स्त्रीशी, की दोघांशी? मुखमैथुन होतं का? मला वाटलं होतं कान तापतील. तापले नाहीत. सूर सरळ असला की उत्तरही सरळ निघतं. आवाजाच्या धंद्यात इतकी वर्षं काढून हे मला तिथे कळलं. एकच जण, पुरुष, होय. त्यांनी टिपून घेतलं आणि पुढचा प्रश्न : दोन-तीन महिन्यांपूर्वी तोंडात, घशात किंवा खाली एखादी न दुखणारी जखम? मी नाही म्हटलं, मग थांबले. जिभेवर डाग यायच्या दीड-दोन महिने आधी घसा एकाच बाजूने सुजला होता, जबड्याखाली गाठ आली होती, फारसं दुखलं नव्हतं आणि आपोआप गेलं होतं. त्या म्हणाल्या, तो पहिला टप्पा असू शकतो, टॉन्सिलवर. जंतू शिरल्यावर साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी, शिरल्या जागी एक जखम होते. ती बरेचदा दुखत नाही, तीन ते सहा आठवड्यांत स्वतःच भरते, आणि माणूस विसरून जातो. तोवर जंतू रक्तातून सगळीकडे पोचलेला असतो. मग हा दुसरा टप्पा : तळहात, तळपाय, तोंड, केस, गाठी, बारीक ताप. तोही स्वतःच जातो. "जातो म्हणजे बरा होतो असं नाही," त्या म्हणाल्या, "लपतो."

तपासणी डोक्यापासून पायापर्यंत. केसांतून बोटं फिरवून पाहिलं. कानामागे दोन ठिकाणी विरळ झाले होते, कसर लागलेल्या शालीसारखे. कोपराच्या आतल्या बाजूला वर एक गाठ चाचपडली, तिथे गाठ असते हेच मला माहीत नव्हतं. कमरेखाली तपासण्याआधी विचारलं, सिस्टर आत थांबल्या. मग परत तोंड. प्रत्येक डाग मला आरशात दाखवला. ओठाच्या आतल्या डागाला काडी लावून पाहिली. कोपऱ्यातल्या चिरलेल्या उंचवट्यावर थांबून म्हणाल्या, "याला सगळे क्रीम लावतात."

मी विचारलं, डागाचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघता येत नाही का, मी कुठेतरी वाचलंय. हे विचारल्यावर त्या खुलल्या. म्हणाल्या, खालच्या जखमेचं बघतात, तोंडातलं बघण्यात अर्थ नसतो. या जंतूचे मळसुत्री आकाराचे चुलतभाऊ आपल्या सगळ्यांच्या हिरड्यांत राहतात. काचेवर कोण चोर आणि कोण घरचा हे ओळखू येत नाही. म्हणून पीसीआरसाठी (जंतूचं डीएनए शोधणारी तपासणी) बोळा आणि मुख्य म्हणजे रक्त : आरपीआर आणि टीपीएचए (सिफिलिससाठी रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, शोधणाऱ्या दोन तपासण्या), सोबत एचआयव्ही. रक्ताच्या कागदावर त्यांनी हाताने एक ओळ जास्तीची लिहिली : 'दुसऱ्या टप्प्याची शंका, नमुना पातळ करून पाहावा.' या ओळीसाठी मी एक अख्खा तारा राखून ठेवला होता. कारण असं की रक्तात प्रतिपिंडं फार झाली तर आरपीआर उलट निगेटिव्ह दिसू शकते, गर्दीत कुणालाच कुणाचा हात धरता येऊ नये तशी. माझं नेमकं तेच झालं. पातळ न केलेला नमुना जवळजवळ निगेटिव्ह, पातळ केल्यावर १:१२८, म्हणजे १२८ पट पातळ केलं तरी पॉझिटिव्ह. ती ओळ नसती तर 'नॉर्मल' असा कागद घेऊन मी चौथी ट्यूब आणली असती.

उपचार त्याच दिवशी, रिपोर्टची वाट न पाहता. बेन्झाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, निम्मं एका कुल्ल्यात, निम्मं दुसऱ्या. ॲलर्जी नाही ना हे तीनदा विचारलं. औषध दाट असतं, सावकाश सोडावं लागतं, आणि दुखतं. खोटं का बोला, चांगलंच दुखतं. अर्धा तास बसवून ठेवलं. पेनिसिलिन या रोगावर १९४३ सालापासून वापरात आहे आणि जंतूने अजून त्याला दाद न देण्याची कला आत्मसात केलेली नाही, असं सिस्टर सुई टोचता टोचता म्हणाल्या. माझं लक्ष दुसरीकडे वळवायला असेल. ज्यांना पेनिसिलिन चालत नाही त्यांना डॉक्सिसायक्लिन, १४ दिवस, दिवसातून दोनदा. गरोदर बाईला मात्र ते देत नाहीत.

घरी जाताना सांगितलं होतं की आज रात्री थंडी-ताप येईल, डोकं दुखेल, घाबरू नका, जंतू एकदम मेल्याने तसं होतं, दिवसभरात उतरेल. सातव्या तासाला १०१ ताप आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. सांगितलेलं नसतं तर मी पेनिसिलिनलाच शिव्या घातल्या असत्या.

माझी खरी भीती वेगळीच होती : स्टुडिओतला माइक. त्याच्यापुढची जाळी आम्ही तिघं वापरतो. डॉक्टरांनी मला हसून घालवलं नाही. तोंडातले हे ओले डाग जंतूंनी भरलेले असतात, चुंबनानेही लागण होऊ शकते, म्हणून डाग पूर्ण भरेपर्यंत ते बंद. पण कोरड्या वस्तूवर हा जंतू टिकत नाही. जाळी, टॉवेल, संडासची सीट यांनी होत नाही. मग म्हणाल्या, पूर्वी काच फुंकणाऱ्या कारखान्यांत एकच फुंकणी ओली ती ओलीच एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जायची, तिथे मात्र लागण झाल्याच्या नोंदी आहेत. माइक काही कुणी तोंडात धरत नाही. मी स्टुडिओत एकाच गायकाला तसं करताना पाहिलंय, पण ते असो.

जोडीदाराला सांगण्याचा भाग. दवाखाना दोन पर्याय देतो : तुम्ही सांगा, किंवा ते तुमचं नाव न घेता कळवतात. मी स्वतः फोन केला. तो माझा मित्र आहे, यापुढे त्याचं वर्णन करत नाही.

"तुला रक्त तपासावं लागेल."

"मला कुठे काय झालंय? मी ठणठणीत आहे."

"मीही ठणठणीतच होते. जीभ सोडून."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "तुझ्यामुळे मला की माझ्यामुळे तुला?" हा प्रश्न मी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवला होता. रक्तावरून ते ठरवता येत नाही, आणि ठरवलं तरी इंजेक्शन तेच असतं, असं उत्तर होतं. तो दुसऱ्या दिवशी गेला. पॉझिटिव्ह निघाला, अंगावर एकही खूण नाही. ज्यांना खूण नाही त्यांनाही टोचतात, तिथे बसून मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जणांना. आमचं पुढे काय झालं हे या रिव्ह्यूत बसत नाही.

पाचव्या दिवशी डाग पातळ झाले, बाराव्या दिवशी तोंड साफ. जिभेवरची गुळगुळीत जागा सगळ्यात शेवटी भरली. तीन महिन्यांनी आरपीआर १:३२, सहा महिन्यांनी १:८. चौपट उतरली म्हणजे उपचार लागू पडला असं धरतात. टीपीएचए मात्र बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्हच राहील. म्हणून त्यांनी तारीख, औषध, मात्रा आणि आकडे लिहिलेलं पत्र दिलं, उद्या दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने घाबरून पुन्हा टोचू नये यासाठी. आणि एकदा होऊन गेलं म्हणून पुन्हा होणार नाही, असं काही नाही, हेही तेवढ्याच सरळ सुरात.

अर्धा तारा. एक, फोन लागत नाही. पुढची तारीख हवी तर जाऊनच घ्या. दोन, फॉर्मवर 'विवाहित' आणि 'अविवाहित' असे दोनच चौकोन. मी मध्ये रेघ मारून 'होते' असं लिहिलं. आणि तीन, भिंतीवर पोस्टर भरपूर आहेत, पण सगळे कमरेखालचे. जिभेचं एकही नाही. मी तसं सूचनापेटीत टाकलंय, माझ्या टाळूचा फोटो त्यांच्याकडे आहे, नाव न घालता वापरा असंही लिहिलंय. बारा महिन्यांची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा भिंत बघेन.

जेलची तिसरी ट्यूब अर्धी उरली आहे. टाकली नाही. तोंड खरंच आलं तर लावेन, सात दिवस.